देव पाण्यात ठेवले होते. आता बाहेर कोणी काढायचे?

अबोली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या आषाढात माझा धाकटा भाऊ पॅन्क्रियाटायटिसनं, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेनं आजारी पडला. 19 दिवस आयसीयूत होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणाले आणि त्या संध्याकाळी आईनं देव पाण्यात ठेवले. आपण हे बोलताना सहज म्हणतो, मॅचच्या वेळीसुद्धा म्हणतो. आईनं खरोखर ठेवले. पोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला. त्यात बाळकृष्ण, तिच्या माहेरची अन्नपूर्णा, गणपती, खंडोबा आणि भवानीचे चांदीचे टाक. देव बुडतील इतकं पाणी. "पोरगं घरी येईस्तोवर बाहेर काढायची नाही," म्हणाली.

पोरगं घरी आलं नाही.

सुतकात देवाला कुणी हात लावला नाही, तेरा दिवस तेच पाणी. चौदाव्या दिवशी, गोडाच्या जेवणाची भांडी घासून झाल्यावर, आईनं डबा उचलला. मला वाटलं, आता काढेल. तिनं पाणी तुळशीत ओतलं, डबा धुतला, नवं पाणी भरलं आणि देव परत आत. आज सात महिने झाले. रोज सकाळी पाणी बदलते. निरांजन डब्यापुढे लावते. हळदकुंकू डब्याला बाहेरून. देव्हारा रिकामा.

मामा म्हणतो, असं ठेवू नये, घराला लागतं. वहिनी काहीच म्हणत नाही. आई कुणाशी वाद घालत नाही, ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलते.

मला विचारायचंय, ज्यांचं मागणं ऐकलं गेलं नाही त्यांनी पुढं काय केलं? विश्वास उरतो का, आणि उरतो तो नक्की कशावर? शिवाय देव बाहेर कोणी काढायचे, याला काही शास्त्र आहे का?

पावशेर
काय लिहावं कळेना. वाचलं, एवढी पोच देतो.

शांतीपाठ
ताई, सात महिने देव पाण्यात म्हणजे फार मोठा दोष. घरात पितृदोष आधीपासून असणार, म्हणूनच हे घडलं. भावाची आणि आईंची पत्रिका व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उपाय सांगतो. उशीर करू नका.

टाचणी
आले. तिसऱ्याच पोस्टला आले. गेल्या धाग्यावर सहाव्याला उगवले होते, प्रगती आहे.

संपादक
शांतीपाठ, व्यनितून पत्रिका मागवणं इथल्या धोरणात बसत नाही. तुम्हाला आधीही कळवलं होतं. ही शेवटची सूचना.

टाचणी
अबोली, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. मी नास्तिक, ते इथं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझं म्हणणं कोरडं वाटेल. तरी सांगतो, कारण 'प्रार्थना कमी पडली का' हा किडा डोक्यात शिरला की निघत नाही.

अमेरिकेत बायपासच्या 1802 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला होता, 2006 साली छापून आला. तीन गट केले. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी नाही, पण या दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. तिसऱ्याला सांगून ठेवलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे. पहिल्या दोन गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच, 52 आणि 51 टक्के. सांगून ठेवलेल्या गटात 59 टक्के.

मुद्दा एवढाच, की आईंच्या मागण्यात काही कमी नव्हतं. असा हिशेबच नसतो.

लांबची_पाखरं
म्हणजे ज्यांना सांगितलं त्यांचं जास्त बिघडलं? आजपासून सासूबाईंना सांगते, माझ्यासाठी जप करा पण मला कळवू नका. (हलके घ्या.)

जुना_वारकरी
टाचणीराव, प्रार्थना म्हणजे गोळी नव्हे की 14 दिवस देऊन गुण बघावा. पण तुमचा शेवटचा परिच्छेद मला मान्य आहे. लिहून ठेवा, क्वचित होतं.

अबोलीताई, तुकोबांची चरित्रं आपण लहानपणी वाचतो ती गाथा तरंगली, विमान आलं, इथपर्यंत. मधलं पान वाचत नाही. 1630 च्या आसपासचा तो दुष्काळ. सावकारी बसली, गुरं गेली, थोरली बायको रखुमाबाई अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. मुलगा संतू गेला. वाडवडिलांपासून घरात वारी, घरचं विठ्ठलाचं देऊळ, आणि तरी हे.

मग त्यांनी काय केलं? त्याच अभंगात पुढे आहे: देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. मी हे पन्नास वेळा कीर्तनात ऐकलंय, पण माझी मुलगी गेली त्या वर्षी पहिल्यांदा कानात शिरलं. ज्यानं काही ऐकलं नाही त्याच्या पडक्या घराची डागडुजी करत बसलाय माणूस. का, ते त्यांनी सांगितलेलं नाही. मलाही सांगता येणार नाही. पण तुमच्या आईचं ते पाणी बदलणं वाचलं आणि मला ते देऊळच आठवलं.

पावशेर
काका, मुलीचं माहीत नव्हतं.

जुना_वारकरी
इथं कधी लिहिलं नव्हतं. असो.

सरळमार्गी
छान प्रतिसाद. शेवटी 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' हेच खरं. समाधान मानावं. देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही.

खडीसाखर
सरळमार्गी, राग मानू नका, पण ही दोन वाक्यं दारावरच्या पाटीसारखी झालीत. माणूस रडत आला की पाटी दाखवायची. माझे तीन गर्भपात झाले, प्रत्येक वेळी कुणीतरी 'ठेविले अनंते' म्हणालं. तिसऱ्या वेळी आत्याबाईंना विचारलं, "अनंताला विचारून सांगता का, अजून कितींदा?" तेव्हापासून आमच्याकडे येत नाहीत. तेवढीच एक प्रार्थना ऐकली गेली म्हणायची.

आणि हेच म्हणणाऱ्या तुकोबांनी 'माझे लेखी देव मेला' असंही म्हटलंय. तेही गाथेतच आहे. ते कुणी पाटीवर लिहीत नाही.

सरळमार्गी
तसा हेतू नव्हता ताई. चुकलं. आमच्याकडे कुणी गेलं की हेच बोलतात, म्हणून हातानं लिहिलं गेलं.

खडीसाखर
कळलं हो. मीही जरा फटकन बोलते.

तुकोबांचं निघालंच आहे तर त्यांच्या धाकट्या बायकोबद्दल, आवलीबद्दलही लिहिते, तिला सगळे विसरतात. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात आणि ही घरात पोरं घेऊन, रिकाम्या कणगीपुढे. ती विठ्ठलाला उघड शिव्या द्यायची, 'काळ्या' म्हणायची. कथा अशी की भाकरी घेऊन डोंगर चढताना तिच्या पायात काटा मोडला, तेव्हा काटा काढायला तो काळ्या स्वतः आला. कथा आहे, इतिहास नाही, टाचणी, आधीच सांगते. पण ती कुणी रचली असेल त्याला एवढं कळत होतं, की शिव्या घालणारीचं आणि देवाचं काही तुटलेलं नसतं.

टाचणी
मी काहीच बोललो नाही!

खडीसाखर
बोलणार होतात.

देवगडचो_फणस
आमच्या कोकणात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटलेला आहे. आमचा देव तोंडावर 'नाही' म्हणतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावच्या देवळात गुरव मूर्तीला किंवा पाषाणाला फुलं नाहीतर भिजवलेले तांदूळ चिकटवतो. मग गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा असा असा काम आसा, होयत तर उजवो कौल दी..." आणि बाकीचे "व्हय म्हाराजा". उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पडलंच नाही तर बसायचं. मी लहानपणी वडलांबरोबर दोन-दोन तास बसलोय, एका पाकळीकडे डोळे लावून. माशी आली तरी अख्खं देऊळ माशीकडे बघायचं.

वडलांना नोकरी सोडून धंदा करायचा होता. डावा कौल पडला. वडील परत गाऱ्हाणं घालायला सांगत होते, आणि गुरवमामा म्हणाले, "अरे, उत्तर गावला मां? आता आवडाक नाय म्हणान परत विचारतंस?" हे मला पुढं फार उपयोगी पडलं. माझं पुष्कळदा उत्तर आलेलं असतं, मला ते पसंत नसतं.

टाचणी
आणि वडलांनी धंदा केला का?

देवगडचो_फणस
केलो. पुढच्या जत्रेक परत कौल लावलो, उजवो पडलो. धंदो तीन वर्षांत बुडालो. आता ह्येचो अर्थ तुमी लावा. 😄

एसटी_लाल_डबा
मूळ विषय सोडून: 2020 च्या आषाढीला पायी वारी बंद होती, तेव्हा माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका आमच्या एसटीतून पंढरीला गेल्या. इतकी वर्षं प्रवासी आम्हाला नावं ठेवतात, त्या दिवशी खात्याचं सोनं झालं. लाखो लोकांची वारी हुकली, आम्हाला न मागता मिळाली. देवाचं वाटप असंच असतं काय?

मंगळवेढेकरीण
वारीचा विषय निघालाय तर मंगळवेढ्याचं सांगते, माझं माहेर.

चोखोबा आमच्या गावचे. जन्मभर विठ्ठलाला बघायचं होतं, जन्मभर महाद्वाराच्या बाहेर. 1338 साली मंगळवेढ्याच्या कुसाचं, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीचं काम चाललं होतं, वेठीची माणसं कामाला, कूस ढासळलं आणि त्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि समाधी बांधली, तीही महाद्वाराच्या बाहेरच, पायरीपाशी. आमची माणसं देवळात गेली ती 1947 साली, साने गुरुजी 1 मे पासून 10 मे पर्यंत उपाशी बसले तेव्हा. वजाबाकी करा. 609 वर्षं.

कुणी म्हणेल, बघा, उशिरा का होईना ऐकलं. मला ते पटत नाही. चोखोबांना काय मिळालं? माझी आजी मात्र वेगळं म्हणायची. म्हणायची, "इठ्ठल काय करील, त्यो बी आतच कोंडलेला हुता." पंढरपूरला गेली की ती आधी समाधीवर डोकं ठेवायची आणि मग आत, तेही वेळ असला तर.

जुना_वारकरी
मंगळवेढेकरीण, यावर आम्ही माळकऱ्यांनी बोलू नये, मान खाली घालावी. नामदेवांनीसुद्धा देवाला दारातच सुनावलं होतं, की पतितपावन म्हणून ऐकून आलो, तू तसा नाहीस, मी परत चाललो. तेव्हा देव चुकला की दार अडवणारे, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मंगळवेढेकरीण
दार अडवणारे, काका. यात ठरवायचं काय आहे?

टाचणी
+1

वसईचा_वारा
आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडेही सगळं हेच आहे, फक्त मेणाचं. सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात, जे मागायचं ते घ्या आणि वाहा. एका काकांनी मेणाचं विमान वाहिलं होतं, व्हिसासाठी. दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे ओळीनं नऊ बुधवारांची प्रार्थना. तिथं विनंतीची पत्रं असतात, आभाराची पत्रं असतात. 'नऊ बुधवार आलो, काम झालं नाही, तरी कळवतो' असं पत्र मी अजून ऐकलेलं नाही.

माझी बायको गेली तेव्हा आमचे फादर घरी आले, म्हटलं आता हे बोधामृत पाजणार. ते बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "येशूनंसुद्धा गेथशेमानेच्या बागेत मागितलं होतं, हा प्याला टळू दे म्हणून. टळला नाही." आणि गप्प बसले. पुढचं पुनरुत्थान वगैरे काही नाही. त्यांनी तिथंच थांबावं, हे मला फार मोठं वाटलं. नंतर मी स्तोत्रं उघडली तर तेरावं स्तोत्र सुरूच होतं 'किती काळ?' या प्रश्नानं. म्हणजे तक्रार ग्रंथातच छापलेली आहे, आपण नव्यानं करत नाही.

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात आहे की जवळजवळ 50 वर्षं त्यांना आत नुसता अंधार होता, देवाचा मागमूस नाही. बाहेर रोज पहाटे प्रार्थना आणि दिवसभर कोलकात्यातली कामं. मला पूर्वी हे ढोंग वाटलं असतं. आता वाटत नाही. मी रोज तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो, तेव्हा मला तरी कुठं काही जाणवत असतं.

रात्रपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे, चौदा वर्षं. माझ्या बाजूनं लिहिते.

प्रत्येक पेशंटचं काही ना काही येतं. अंगारा, ताईत, झमझमचं पाणी, क्रूस, गजानन महाराजांचा फोटो. इन्फेक्शनमुळे आत घेता येत नाही. मी ते छोट्या झिपच्या पिशवीत घालते, वर बेड नंबर लिहिते आणि उशीच्या खोळीत सरकवते. पिशव्या मी माझ्या पैशानं आणते. एकदा बेड बदलताना अदलाबदल झाली, दर्ग्याचा धागा एका देशपांडे आजींच्या उशीत आणि त्यांची विभूती पलीकडच्या चाचांकडे. दोघंही घरी गेले. मी कुणाला सांगितलं नाही, इथंच पहिल्यांदा.

पण बरेच जण घरी जात नाहीत. तेव्हा सामान परत देताना चष्मा, अंगठी, रिपोर्ट आणि ती पिशवी. पिशवी कुणी टाकून देत नाही. इतक्या वर्षांत एकानंही टाकलेली पाहिली नाही. खिशात घालतात. का ते मला माहीत नाही. अबोली, तुमच्या आईंचा डबा मला त्यातलाच वाटतो.

बाहेर नातेवाईक विचारतात, देवावर विश्वास ठेवू ना सिस्टर? मी सांगते, "आज कालच्यासारखेच आहेत. तुम्ही जेवून या."

पावशेर
हा प्रतिसाद वाचून उठून चहा करून आलो.

माणदेशी
उशिरा आलो, पण देव पाण्यात ठेवण्यावर मी बोललंच पाहिजे. आमच्याकडे पावसासाठी महादेव कोंडतात. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला चिखलाचा बांध घालायचा, आत घागरी ओतून पिंड बुडवायची, दार लावायचं. देव गुदमरला की पाऊस पाडतो, असा हिशेब.

1972 ला आमच्या गावानं कोंडला. आज्जा सांगायचा. विहिरी आटलेल्या, बायका दोन कोसांवरून पाणी आणायच्या, त्यातली घरटी एक घागर महादेवाला. आज्जीनं तेव्हाच विचारलं होतं, "त्येला पावसासाठी कोंडायचं तर पाणी त्येलाच का?" कुणी उत्तर दिलं नाही. पाऊस आला नाही. लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर, पोरं सुकडीवर.

आता तुमचा प्रश्न, बाहेर कोणी काढला? कुणीच नाही. दीड-दोन महिन्यांनी दार उघडलं तर पाणी आपोआप जिरलं होतं, पिंड कोरडी, वर चिखलाचा पापुद्रा. आज्ज्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बेल वाहिला. बेल तेवढा हिरवा होता म्हणे त्या साली.

तुमच्या डब्यातलं पाणी असं जिरणार नाही, कारण आई रोज भरतेय. मला विचाराल तर शास्त्र वगैरे शोधू नका. आईला विचारलंत का, ती का भरते? सगळ्या धाग्यात आपण तिच्याबद्दल बोलतोय आणि यावर तिचं एक वाक्य नाही.

खडीसाखर
माणदेशी, अगदी.

लांबची_पाखरं
खरंच की.

अबोली
सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं. जुना_वारकरी काका, खडीसाखर, वसईचा_वारा, तुमच्यासाठी वेगळं लिहायला बसले आणि तीनदा पुसलं.

माणदेशी म्हणाले ते खरं आहे, आम्ही तिला कुणीच विचारलं नव्हतं. काढ, ठेव, दोष, एवढंच बोलत होतो. रविवारी कराडला गेले. ती डबा धूत होती, तेव्हा विचारलं, "आई, रागावून ठेवलेत का?"

म्हणाली, "छे गं. त्याच्यावर कसला राग." मग बराच वेळ काही नाही. बाळकृष्णाला अंगठ्यानं चोळत होती. मग म्हणाली, "बाहेर काढले तर पुढ्यात बसावं लागेल. आणि बसले की मागायची सवय आहे मला, चाळीस वर्षांची. आधी तुमच्या परीक्षा, मग नोकऱ्या, मग तो. आता बसून मागू काय?"

मला काही बोलता आलं नाही. मीही एक टाक घेऊन पुसत बसले.

आणखी एक. निघताना पाहिलं तर अन्नपूर्णा डब्यात नव्हती. देव्हाऱ्यात होती, वाटीत तांदूळ घालून त्यावर. विचारलं तर म्हणाली, "परवा वहिनी पोराला घेऊन जेवायला आली होती. तिला कुठं पाण्यात ठेवायची, घरात माणसं जेवताना." बाकीचे अजून आत आहेत. मी काही म्हटलं नाही, मामालाही सांगितलंय, आता विषय काढू नकोस.

जाता जाता: टाक काळे पडलेत आणि बाळकृष्णाच्या पाठीवर हिरवट चट्टे आलेत. ती म्हणते, आता काही जात नाहीत. काही उपाय?

देवगडचो_फणस
आमसुलं भिजत घाला, त्या पाण्यान घासा. पितळ झगझगता.

टाचणी
आमसूल चालेल, पण चिंच-मीठ जास्त चांगलं, फक्त फार वेळ ठेवू नका. टाकांना आंबट लावू नका, रांगोळीची बारीक पूड किंवा नुसती टूथपेस्ट, बोटानं. आणि धुतल्यावर लगेच सुती कपड्यानं कोरडं करायचं, खाचांतसुद्धा, नाहीतर चट्टे परत येतात. आमच्या आईचे देव दर दिवाळीला मीच घासतो.

खडीसाखर
टाचणी??

टाचणी
घासतो फक्त.